पूरी बात सुनाओ



सुट्टीतले चार रविवार आम्ही शाळेच्या वाचनालयात 'मोहल्ल्याची बातमी' नावाचा उद्योग केला. सातवी-आठवीची नऊ मुलं-मुली, एक फळा आणि माझा जुना फोन. फळ्यावर प्रश्न लिहिला: आपल्या खडकीतली एखादी गोष्ट फोनवर नव्या पद्धतीने सांगायची, तर कशी सांगाल? नुसता लेख नको, नुसतं रीलही नको. आवाज, फोटो, नकाशा, अक्षर असं सगळं वापरा आणि पाहणाऱ्यालाही काहीतरी करू द्या.

मुलांच्या डोक्यात कल्पनांची कमी नसते. एक म्हणाला, बाजाराचा नकाशा काढू, दुकानावर बोट ठेवलं की दुकानदार बोलेल. दुसऱ्याला १८१७ च्या खडकीच्या लढाईचा खेळ करायचा होता, आणि त्यात पेशव्यांना जिंकवायचं होतं. आठवीतली एक मुलगी गप्प होती. शेवटी म्हणाली, "टीचर, माझ्या नानीला भोंग्याची गोष्ट येते."

भोंगा म्हणजे दारूगोळा कारखान्याचा. १८६९ साली इथे हा कारखाना सुरू झाला आणि खडकीतल्या कितीतरी घरांची चूल त्याच्या वेळेवर पेटत आली. तिचे नाना तिथे कामाला होते. ठरलं, की तिने नानीचा आवाज टिपून आणायचा. नानीने एकच अट घातली, "आवाज ले लो, सूरत नहीं."

ही अट ऐकून दोन मुलं हिरमुसली. मला मात्र ती फार आवडली. आपल्या घरांतल्या कितीतरी बायका कॅमेऱ्यापुढे येणार नाहीत. त्यांच्या मर्जीचा मान ठेवायलाच हवा. पण म्हणून त्यांची गोष्ट बातमीत येऊच नये का? चेहरा नसेल तर हात आहेत, डबा आहे, दाराची कडी आहे आणि आवाज आहे.

आपल्या पुण्यातच याचं मोठं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बेर्नार बेल या संगीताच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रणाच्या कामात साथ दिली. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर या ओव्या २०१७ पासून येत आहेत. तिथे ओवी ऐकता येते, तिचे शब्द वाचता येतात आणि गाणारी बाई कोण, कुठल्या गावची, हेही कळतं. 'पारी' मराठीत आहे आणि उर्दूतही. घरात नानीला उर्दू वाचता येतं आणि नातवाला फक्त मराठी, अशी परिस्थिती असणाऱ्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

परदेशातलं गाजलेलं उदाहरणही मी मुलांना सांगितलं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये 'स्नो फॉल' नावाचा हिमकड्याच्या दुर्घटनेचा लेख केला. वाचत खाली जाल तसा डोंगर हलतो, बर्फ उडतं, माणसं बोलतात. त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. पण त्यामागे मोठी फौज होती, आमच्याकडे नऊ मुलं. आणि खरं सांगायचं तर तो डोंगर हलला नसता तरी गोष्ट तितकीच चटका लावणारी होती.

दुसऱ्या रविवारी मुलगी तीन मिनिटांचा आवाज घेऊन आली. नानी १९७१ च्या डिसेंबरबद्दल बोलत होती. लढाई सुरू झालेली, नवं लग्न, नाना रात्रपाळीला. "रात को बत्ती बंद रखते थे, खिड़की पे काला काग़ज़. बहुत डर लगता था. फिर सुबह भोंगा बजा, तो समझती थी कि अब ये आएँगे." आम्ही सगळे गप्प ऐकत राहिलो.

घोळ झाला तो नंतर. मुलीच्या मावसभावाने कौतुकाने तो आवाज घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो बाहेर गेला. कुणीतरी कापला. चार दिवसांनी दुसऱ्याच ग्रुपवरून माझ्या फोनवर सहा सेकंदांचा आवाज आला: "रात को बत्ती बंद रखते थे. बहुत डर लगता था." वर मजकूर होता, 'खडकीत आपल्या बायकांची ही हालत आहे, पुढे पाठवा'. १९७१ मध्ये आपल्याच देशाच्या फौजेसाठी रात्रपाळी करणाऱ्या माणसाची बायको जे बोलली, त्याची आजची अफवा झाली. पाठवणारा आपल्यातलाच होता, हे मला जास्त लागलं.

मुलगी रडली. नानी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अब पूरी बात सुनाओ." मुलीने पूर्ण आवाज त्याच ग्रुपवर टाकला. तीन मिनिटं कुणी ऐकलं नाही.

तिसऱ्या रविवारी आमचा प्रश्नच बदलला. गोष्ट आकर्षक कशी करायची, हे मागे पडलं. गोष्ट कापता येणार नाही अशी कशी मांडायची, यावर फळा भरू लागला. अल्लाहने सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करायला सांगितलं आहे, हे मुलांना मदरशात शिकवलेलं असतं. पण खातरजमा करायची सोय बातमीतच हवी ना? इमाम बुखारींनी हदीस जमवताना नुसते शब्द घेतले नाहीत. कोणाकडून कोणी ऐकलं, ती सगळी साखळी, म्हणजे सनद, सोबत ठेवली. (मराठीत सनद म्हटलं की मुलांना वकिलाची आठवते, त्यात दहा मिनिटं गेली.) एका मुलाने फळ्यावर चौकोन काढला. "टीचर, प्रत्येक वाक्याखाली सनदचं बटण. दाबलं की दिसेल, कोण बोललं, कधी, कुणी टिपलं, आधी काय होतं, नंतर काय होतं."

हे मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही चकचकीत पानापेक्षा मोलाचं वाटलं. कापणारा तरीही कापेल. पण मूळ पान एका जागी असेल, तर शंका आलेल्याला जायला घर असेल. आवाजाच्या सुरुवातीलाच नानीच्या तोंडून साल वदवून घ्यायचं, तेही एकीने सुचवलं. प्रत्येक तुकड्यातच साल आलं, तर कापणाऱ्याचं काम आणखी अवघड.

नकाशाची कल्पना मात्र आम्ही सोडली. कोणतं दुकान कोणाचं, कोणतं घर कोणाचं, हे बोट ठेवताच दिसणं गंमतीचं असतं. पण वाईट दिवस आले की तोच नकाशा वाईट माणसाच्या हाती पडतो. मुलांना मी हे सविस्तर सांगितलं नाही. "घरांवर खुणा नकोत," एवढंच म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

घरी करून पाहायचं असेल तर फार काही लागत नाही. पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर ठेवा, बोलणं संपल्यावर दहा सेकंद खोलीची शांतता टिपा, जोडकामाला ती लागते. मूळ आवाज कधी पुसू नका. आणि तयार झालेलं आधी बोलणाऱ्यालाच ऐकवा. ती 'नको' म्हणाली तर विषय संपला.

चौथ्या रविवारी पान तयार झालं. वर नानांच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा फोटो. डब्यावर बोट ठेवलं की नानी बोलते, काळ्या कागदावर ठेवलं की ती रात्र, भोंग्यावर ठेवलं की सकाळ. तिन्ही ऐकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. ही सक्ती बरी की नाही, यावर मुलांत अजून भांडण आहे. शब्द दोन्ही लिप्यांत आहेत. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून, म्हणून बटण मधोमध.

सनदेत नानांचं नाव हवं होतं. आम्ही नानीला विचारलं. तिने पदर सावरला आणि नातीकडे पाहून हसली. जुन्या पिढीची बाई, तिने नवऱ्याचं नाव आयुष्यात तोंडाने घेतलेलं नव्हतं. मग तिने कागद मागितला आणि उर्दूत ते नाव सावकाश लिहून दिलं. त्या कागदाचाच फोटो आम्ही पानावर लावला आहे. त्यावर बोट ठेवलं तर काही वाजत नाही.