माजघराच्या दारातला निरोप्या

रात्री अकरा वाजता पुतणीचा फोन आला. "काका, रेंज फुल दाखवतंय आणि फाइल चढत नाही. आजही शेवटी ओटीवर येऊन बसले, तेव्हा काम संपलं."

राजापूर तालुक्यातलं आमचं घर लांबच लांब आहे. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे पडवी. पुतणी पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेब बघते. आजीजवळ राहता यावं म्हणून तिने घरून काम मागून घेतलं आणि मागच्या पडवीत टेबल मांडलं. ओटीवर दिवसभर येणारं-जाणारं माणूस असतं, तिथे बसून आकडेमोड होत नाही. पडवीत नेट चाललं नाही तर ती पुण्याला परत जाणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मे महिन्यात चार दिवस गेलो तेव्हा आंब्याच्या आधी हे काम हातात घेतलं.

तिने तिच्या परीने सगळं केलं होतं. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळालं : आमच्याकडून स्पीड बरोबर आहे. मग तालुक्याच्या दुकानातून एक्स्टेंडर आणला. दुकानदार त्याला बूस्टर म्हणतो. जिथे नेट येत नाही तिथे लावायचा, असं तो म्हणाला आणि तिने तो पडवीत, टेबलाशेजारच्या प्लगमध्ये लावला. फोनवर लगेच रेंज फुल झाली. स्पीड मात्र तीन एमबीपीएस. वर पाठवायचा स्पीड तर एकाच्याही खाली.

मी सगळ्यात आधी लॅपटॉप ओटीवर नेला, वायफाय बंद केलं आणि वायरने थेट राउटरला जोडला. 94 एमबीपीएस. प्लॅन शंभरचा आहे, म्हणजे कंपनी खरं बोलत होती. ही एक मोजणी पहिल्या दिवशी झाली असती तर तीन फोनांचा मनस्ताप वाचला असता. दोष बाहेरच्या खांबापासून ओटीपर्यंत नव्हता, ओटीपासून पडवीपर्यंत होता. त्या वाटेवर जांभ्याच्या दीड-दीड फुटी तीन भिंती आहेत. आजोबांनी त्या ऊन आणि पाऊस अडवायला बांधल्या, आणि त्या लहरीही अडवतात. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी धरून ठेवतो. ओल्या भिंतीतून लहरी आणखी कमी पार होतात.

मग हातात फोन धरून खोल्या चाललो. फोनवरच्या रेघांवर माझा विश्वास नाही, म्हणून सिग्नलचा आकडा दाखवणारं एक मोफत ॲप घेतलं. तो आकडा उण्यात असतो. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 80 च्या पुढे रड सुरू. पडवीत एक्स्टेंडरपाशी आकडा आला उणे 38. इतका चांगला आकडा आणि इतकं वाईट नेट! पुतणी म्हणाली, "म्हणजे मशीनच खराब आहे ना?"

मशीन ठणठणीत होतं. फोन सांगत होता तो फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातला आकडा, आणि ते अंतर चार फूट. एक्स्टेंडरला स्वतःला ओटीवरचा राउटर किती ऐकू येतो, ते फोन सांगूच शकत नाही. ते एक्स्टेंडरच्या सेटिंगच्या पानावर दिसतं. आम्ही ते उघडलं. उणे 82.

तिला समजावताना मला आमच्याच घरातल्या लग्नांच्या पंगती आठवल्या. पंगत ओटीवर, चुली मागे. ओटीवरून कुणी ओरडलं तर मागे ऐकू जात नाही, म्हणून माजघराच्या दारात एक पोरगा उभा करत. "भात आणा" असं ओटीवरून आलं की तो मागे तोंड करून तेच ओरडायचा. एक्स्टेंडर हा तो पोरगा. तो आवाज वाढवत नाही, ऐकलेला निरोप पुन्हा सांगतो. ऐकत असताना सांगता येत नाही आणि सांगत असताना ऐकता येत नाही, म्हणून एकाच निरोपाला दुप्पट वेळ जातो. साधा एक्स्टेंडर लावला की वेग निम्मा होतो तो यामुळे, कारण एकाच रेडिओवर प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते. आणि हा पोरगा दारात उभा राहायचं सोडून थेट चुलीपाशी जाऊन उभा राहिला तर? चुलीजवळच्या बायकांना त्याचा आवाज खणखणीत येईल, पण त्याला ओटीवरचं अर्धंच ऐकू येईल. "काय म्हणालात? परत सांगा" करत बसेल. आमच्या पडवीत नेमकं हेच चाललं होतं.

एक्स्टेंडर उचलला आणि माजघराच्या दारालगतच्या प्लगमध्ये लावला. राउटरही ओटीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटाच्या आड होता. फायबरची गुंडाळी शिल्लक होती म्हणून तो कपाटाआडून काढून उंचावर घेता आला. (फायबर वळवताना मोठं वळण द्यायचं. काचेचा धागा आहे, घट्ट मुडपला तर उजेड बाहेर गळतो.) सेटिंगचं पान पुन्हा उघडलं तर उणे 62. वीस अंकांचा फरक लहान वाटतो, पण या मापात दर दहा अंकांना ताकद दहापट होते. म्हणजे एक्स्टेंडरला राउटर शंभरपट मोठ्याने ऐकू येऊ लागला. पडवीत फोनवरची एक रेघ कमी झाली आणि स्पीड तीनवरून 24 वर गेला.

पुतणी खूश झाली. मी झालो नाही. 94 निघतात आणि 24 पोचतात. शिवाय पावसात भिंती भिजल्या की त्या 24 चे किती राहतील? तिने एक्स्टेंडरचं खोकं दाखवलं. त्यावर मोठ्या अक्षरात 300 लिहिलं होतं. तो आकडा हवेतल्या आदर्श वेगाचा, तोही दुप्पट रुंदीचं चॅनल धरून. त्याच एक्स्टेंडरच्या खालच्या वायरच्या खाचेची मर्यादा शंभर आहे, हे आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं. खोक्यावरचा मोठा आकडा बघून माणूस पैसे मोजतो. हा आकडा असा छापणं मला गैर वाटतं.

ती वायरची खाच मात्र आमच्या कामी आली. अशी खाच असलेल्या बऱ्याच एक्स्टेंडरना ॲक्सेस पॉइंट नावाची दुसरी सोय असते. त्यात राउटरचा निरोप हवेतून न येता वायरने येतो आणि एक्स्टेंडर फक्त आपल्या भागात वायफाय पसरतो. दारातल्या पोराऐवजी ओटीपासून चुलीपर्यंत थेट नळीच टाकायची. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. कॅट सिक्सची तीस मीटर केबल आम्ही ओटीवरून माळ्यावर चढवली, माळ्यावरून मागे पडवीत उतरवली आणि एक्स्टेंडर परत तिथे नेऊन तिला जोडला. माळ्यावर उंदीर आहेत, म्हणून सगळी केबल पीव्हीसी पाइपातून नेली. कौलांवरून बाहेरून नेली असती तर निम्म्या वेळात काम झालं असतं, पण वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा पडतात आणि तांब्याची तार उघड्यावर ठेवणं मला पटलं नाही. त्या काळात प्लग काढून ठेवायचेच, ते वेगळं.

काम करताना एक गोष्ट वायरमनच्या लक्षात आली, माझ्या नाही. इन्व्हर्टर ओटीच्या बोर्डावर आहे, पडवीच्या नाही. लाइट गेली की राउटर चालू राहायचा आणि एक्स्टेंडर मरायचा. "नेट गेलं" अशी तक्रार व्हायची तेव्हा बऱ्याचदा लाइटच गेलेली असायची. त्याने पडवीचा तो एक प्लग इन्व्हर्टरवर घेऊन दिला.

वायर आल्यावर आणखी एक मोकळीक मिळाली. हवेतून निरोप घेणाऱ्या साध्या एक्स्टेंडरला राउटरच्याच चॅनलवर बोलावं लागतं. आता दोघांना वेगळी चॅनल देता आली : राउटर 1 वर, पडवी 11 वर. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात 1, 6 आणि 11 ही तीनच चॅनल एकमेकांवर न चढता शेजारी बसतात. गावात चॅनल एकमेकांवर चढली तरी फार बिघडत नाही, जवळपास दोनच घरांचं वायफाय आहे. पण पुण्यात माझ्या फ्लॅटमधून बावीस नावं दिसतात. तिथे भिंतीपेक्षा ही गर्दीच जास्त त्रास देते, आणि तिथे मी घरातलं जे जे चालेल ते 5 गिगाहर्ट्झवर टाकलं आहे. त्या लहरी भिंतीपलीकडे फारशा जात नाहीत, म्हणून शेजाऱ्यांच्याही माझ्या घरात कमी येतात. आमच्या गावच्या घरात त्यांनी एक भिंतसुद्धा धड ओलांडली नाही.

संध्याकाळी पडवीत लॅपटॉप वायफायवर ठेवून मोजलं. तीन वेळा मोजलं. 68, 71, 66. पुतणीने सकाळपासून अडकलेली फाइल पाठवायला घेतली आणि आम्ही चहा प्यायला स्वयंपाकघरात गेलो. कप हातात घेईपर्यंत ती पडवीतूनच ओरडली, "गेली!" आई चुलीशी होती. तिला फाइल म्हणजे काय ते नीट माहीत नाही, पण तिने लगेच विचारलं, "म्हणजे आता इथेच राहील ना ती?"

प्रत्येक खोलीतले आकडे पुतणीने एका कागदावर लिहिले आणि तो माजघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तिथेच सिलिंडर लावल्याच्या तारखा आहेत. जुलैच्या रकान्यात तिने अजून काही लिहिलेलं नाही. भिंती पुरत्या भिजल्या की ती पुन्हा सगळ्या खोल्या चालणार आहे.