आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग तेल

हिंगणघाटात माझं सलून आहे. लग्नाच्या वयाची पोरं खुर्चीत बसली की हळूच विचारतात, "भाऊ, टक्कल आईकडून येतं का बापाकडून?" दोन्हीकडून येऊ शकतं. डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळं बारीक होत जातात. हेल्मेटचा त्यात दोष नाही. तेल लावूनही ते थांबत नाही. तरी हजारो रुपयांची तेलं खपतात, याचा मला संताप येतो. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. डोक्याला लावल्यावर फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, सोडलं की केस पुन्हा गळतात. फिनास्टेराइड या गोळीला अमेरिकेत १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. पण ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्राम, सावंगीच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. कपाळाच्या कडा मागे सरकू लागताच तिथे जा. मुळं मेल्यावर औषधाला फारसं काही करता येत नाही.