माती धरण सांगून फुटतं, पण ऐकणार कोण?

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या जुन्या तलावांची चर्चा सुरू होते. धरण जुनं म्हणजे धोक्याचं, असं सरसकट नाही. सोलापूरजवळचा एकरूख (हिप्परगा) तलाव मातीचाच, १८७१ पासून उभा आहे. उलट चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण वीस वर्षांचंही नव्हतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. गळती होतेय, हे गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं. पण खेकड्यांनी बिळं केली असली, तरी ती वेळेत बुजवायची कोणी?

माती धरणाचा थोडा पाझर नेहमीचा असतो. पाणी स्वच्छ आणि तेवढंच येत असेल, तर फक्त लक्ष ठेवायचं. पाणी गढूळ झालं किंवा वाढलं, की समजा आतली माती वाहून चाललीय. पोकळी वाढत जाते आणि शेवटी भगदाड पडतं. दुसरा धोका सांडव्याचा. तो गाळाने, झुडपांनी किंवा मासे अडवायच्या जाळीने तुंबला, तर पाणी भरावावरून जातं, आणि मातीचा भराव त्यापुढे टिकत नाही. भरावावरची झाडंही नुसती कापून भागत नाही, मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरची धरणं काही अटींवरच त्यात येतात. आपले बहुतेक पाझर तलाव आणि गावतळी त्याबाहेर राहतात. तलाव जिल्हा परिषदेचा, जलसंधारणचा की पाटबंधारेचा, यातच अर्ज फिरत राहतो.

म्हणून ग्रामसभेत आधी एवढंच विचारा: आपला तलाव कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कधी झाली, रात्री फोन कोणाला करायचा? उत्तर लेखी घ्या. भेगा, खचलेला भराव, गढूळ पाझर दिसला तर तारखेसह फोटो काढा, अर्ज द्या, पोच घ्या, तहसीलदारांनाही प्रत द्या. पाझर अचानक वाढला, तर मात्र अर्जाची वाट बघू नका. आधी खालच्या वस्तीला हलवा.