दांड्याचं वजन धरलंत का?



जिममध्ये मन लावून वजन उचलणाऱ्या माणसाकडे एक वही असते. तारीख, व्यायाम, किती किलो, प्रत्येक सेटला किती रेप्स, बस्स. म्हणजे असं: स्क्वॉट, 60 किलो, 5, 5, 4. माझं स्पष्ट मत आहे की धंदा सुरू करणाऱ्याने हिशेब शिकायला आधी ही वही बघावी. आपल्या धंद्याच्या वहीत सहसा नसतात अशा तीन गोष्टी तिच्यात असतात.

पहिली: रिकाम्या बारचं वजन

बारला दोन्ही बाजूंनी 20-20 किलोच्या प्लेट लावल्या, तर वजन किती? नवखा लिहितो 40. जाणकार लिहितो 60, कारण ऑलिंपिक बारच 20 किलोचा असतो (महिलांचा 15 किलोचा). बार रोज तोच असतो, म्हणून तो मोजायचा राहून जातो. पण उचलावा तर लागतोच ना?

आता डब्याचा धंदा घ्या. समजा, डबा 80 रुपयांना जातो आणि सामान 45 रुपयांचं लागतं. 'डब्यामागे 35 सुटतात,' असं आपण खुशीत सांगतो. 30 डब्यांचे झाले 1050. त्यातून गॅस, पेट्रोल, पॅकिंगचे 300 काढा. घरातल्यांचे मिळून सहा तास जातात, तासाला 100 धरले तरी 600. उरले 150. म्हणजे डब्यामागे 5 रुपये! घरची मेहनत, घरचा ओटा, घरची स्कूटर हा तुमचा रिकामा बार आहे. तो न धरता भाव ठरवला, तर धंदा वाढेल तसे तुम्ही फक्त दमत जाल.

दुसरी: न उचललेलं वजन

वर लिहिलेल्या 5, 5, 4 मधला सगळ्यात कामाचा आकडा 4 आहे. पाचवा रेप झाला नाही, हे तो सांगतो. पुढच्या वेळी वजन वाढवायचं की तेवढंच ठेवायचं, हे त्यावरून ठरतं. तिथे मनाच्या समाधानासाठी 5 लिहिलं, तर वही ठेवून उपयोग काय?

आपल्या सांगलीचा संकेत सरगर आठवतोय? वडिलांची पानटपरी, आणि पोराने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक आणलं. स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो. सुवर्णपदक गेलं 249 वर. फरक एका किलोचा! त्याचे 139 आणि 141 किलोचे दोन प्रयत्न फसले, कोपराला दुखापत झाली. हे दोन्ही फसलेले प्रयत्नही निकालपत्रकात 135 च्या शेजारीच नोंदलेले असतात. कोणी ते झाकत नाही.

काही जण म्हणतील, 'सर, आता सगळं अ‍ॅपमध्ये येतं.' येतं, पण विक्री येते. दुकानात येऊन 'अर्धा किलोचं पाकीट आहे का?' असं विचारून रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक कुठल्या अ‍ॅपमध्ये दिसतं? बिलच झालं नाही, तर नोंद कशी होणार? ती तुम्हालाच करावी लागते, आणि त्याच वेळी. रात्रीपर्यंत ते डोक्यातून निघून जातं.

तिसरी: छोटी प्लेट

जिममध्ये सगळ्यात दुर्लक्षित प्लेट म्हणजे सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना एक-एक लावली की अडीच किलो वाढतात. वही असेल तरच ती कामाला येते, कारण गेल्या वेळी नेमकं किती होतं हे माहीत असतं. अंदाजावर चालणारा एकदम 10 किलो चढवतो, आणि मग पाठ धरून बसतो.

धंद्यातही हेच. भाव, पॅकिंग आणि ऑफर एकाच आठवड्यात बदललं, तर विक्री कशामुळे हलली हे कसं कळणार? एका वेळी एकच बदल करा, आणि तो तारखेसकट लिहा.

एक बाजूही सांगतो. वही लिहिल्याने वजन आपोआप उचललं जात नाही, तसं वही लिहिल्याने गिऱ्हाईकही येत नाही. पण कर्ज काढून दुसरं मशीन घ्यायचं की आहे तेच नीट चालवायचं, हा प्रश्न समोर आला की उत्तर या वहीतच सापडतं. तेव्हा मागचे आकडे आठवून लिहिता येत नाहीत.

या आठवड्याचं काम: साधी दोनशे पानी वही घ्या आणि चार रकाने आखा. तारीख, काय विकलं, काय विकलं गेलं नाही आणि का, आणि स्वतःच्या मेहनतीसकट खर्च किती. सात दिवस खरे आकडे लिहा. आठव्या दिवशी वही उघडूनच पुढच्या आठवड्याचा भाव ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!