हरेगावचा कारखाना आणि आपला जलसा

बंद कारखान्यात नाट्यगृह, तेही एका हंगामापुरते, असे म्हटले की लोक हसतात. अहिल्यानगर शहरात सावेडीच्या नाट्यगृहाचे काम वर्षानुवर्षे रखडत गेले, मग पडक्या शेडमध्ये नाटक कोण करणार? आमचा सवाल उलटा आहे. पक्क्या नाट्यगृहाची वाट पाहत आपण गप्प का बसावे?

आमच्या डोळ्यांपुढे जागा आहे ती श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची. बेलापूर कंपनीचा ब्रिटिश काळातला साखर कारखाना इथला. तो बंद पडून जमाना झाला. डिसेंबर १९३९ मध्ये याच हरेगावात महार वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ कायद्याने जायला पुढे १९५८ उजाडले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये याच गावात शेळी-कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. एवढा इतिहास असलेल्या गावात तो सांगायला मंच नसावा?

बाहेर हे नवे नाही. पॅरिसजवळच्या काडतुसांच्या जुन्या कारखान्यात थिएत्र द्यु सोलेय ही मंडळी १९७० मध्ये शिरली, ती आजही तिथेच आहेत. ग्लासगोत १९८८ मध्ये पीटर ब्रुकच्या ‘महाभारता’साठी ट्रामचा जुना डेपो रंगमंच झाला. दूर कशाला, ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक इंदू मिलमध्ये शिरले आणि वर्षभरात केंद्राला जागा देण्याची घोषणा करावी लागली. भूमिपूजन २०१५ मध्ये झाले, पण दहा वर्षे उलटताना काम सुरूच होते. कायमच्या वास्तूला पिढी लागते. जलशाला ताडपत्री, ढोलकी आणि चार दिवे पुरतात. भीमराव कर्डकांच्या जलशाने कधी नाट्यगृह मागितले होते?

मात्र ‘तात्पुरते’ या शब्दात एक मेख आहे. मुंबईत फिनिक्स मिलचा मॉल झाला, चिमणी शोभेला उरली आणि कामगार बाहेर गेला. इथेही कारखान्याच्या आसपासच्या जमिनी खंडकऱ्यांच्या, मग शेती महामंडळाच्या. मळ्यांवर राबलेल्यांची घरासाठी दोन गुंठे जागेची मागणी जुनीच आहे. नाटकाने जागेला झळाळी आणायची आणि मग ती दुसऱ्याच कुणाच्या घशात जायची, असे होता कामा नये. म्हणून करार लेखी हवा, मुदत ठरलेली हवी आणि पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत कामगारांची कुटुंबे हवीत.

दुसरी गोष्ट सुरक्षेची, आणि इथे आम्ही भावनेला अजिबात जागा देणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. साखरेच्या गोदामाला दारे कमी, वायरिंग जुने, छताचे सिमेंटचे पत्रे फुटके. बांधकामाची तपासणी, अग्निशमन दलाचा दाखला, दोन्ही बाजूंना मोकळे दरवाजे यांशिवाय एकही तिकीट फाटू नये. ज्यांच्या लेकरांना न्यायासाठी रांगा लावाव्या लागतात, त्यांना आपणच धोक्यात बसवायचे का?

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. तिथे खर्डा, सोनई हे शब्द आले की प्रश्न विचारले जातील. आतापासून वकील मित्र सोबत ठेवा. २०१४ च्या खर्डा प्रकरणात आरोपी २०१७ मध्ये सुटले, पण निकालानंतर गावात काय उरले हे कोर्टाच्या कागदात सापडत नाही. ते नाटकात येऊ शकते, मात्र पीडित कुटुंबाच्या संमतीनेच.

पावसात पत्र्याखाली संवाद ऐकू येत नाहीत, त्यामुळे हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. तोच ऊसतोडीचा. प्रयोग रात्री उशिरा ठेवले आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर आदल्या दिवशी दवंडी दिली तर गाडीवान येतील. डिसेंबरही त्यातच येतो. वतन परिषदेवरची संहिता तोवर कुणी लिहायला घेणार का?