पडद्यावरची मैफल आणि समीक्षकाचे उत्तरदायित्व

शास्त्रीय संगीताची मैफल पडद्यावर पाहून तिची समीक्षा लिहावी की नाही, हा वाद २०२० च्या टाळेबंदीनंतर मराठी संगीतवर्तुळात तीव्र झाला. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव सलग दोन वर्षे होऊ शकला नाही, अनेक संस्थांनी कलावंतांना रिकाम्या सभागृहात बसवून त्यांचे गायन-वादन इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचवले, आणि त्यावर लिहिण्याची वेळ समीक्षकांवर आली. सभागृहे पुन्हा भरू लागल्यावरही ही पद्धत टिकून राहिली. त्यामुळे तिच्याकडे केवळ आपद्धर्म म्हणून पाहणे आता पुरेसे नाही. खंडनमंडनाच्या रीतीप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकांचे म्हणणे, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे उचित ठरेल.

हा पूर्वपक्ष तीन आक्षेपांवर उभा आहे. पहिला असा की मैफल ही गायक आणि श्रोता यांच्या प्रत्यक्ष सान्निध्यातच घडते. समेवर आलेली दाद, म्हणजे श्रोत्याने तत्क्षणी दिलेली पसंतीची पावती, गायकाच्या पुढच्या आलापाला वळण देते, आणि ही देवाणघेवाण पडद्यावर संभवत नाही. दुसरा असा की यंत्रातून आलेला नाद मूळ नादाची काटछाट करूनच कानावर पडतो, म्हणून त्यावरून केलेला स्वराचा निवाडा अप्रमाण होय. तिसरा असा की पडद्यापुढचा समीक्षक गाणे हवे तिथे थांबवतो, मागे नेतो, पुन्हा ऐकतो. त्यामुळे रसग्रहणाऐवजी चुकांची टिपणे काढण्याची वृत्ती बळावते.

पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते म्हणजे मैफलीचे एकच शुद्ध आणि सनातन रूप असते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि दरबारी आश्रयाखालचे गाणे तिकीट लावलेल्या जाहीर सभेत रुजवण्याच्या कामी पुढाकार घेतला; दरबारातल्या मोजक्या जाणकारांसाठी होणाऱ्या बैठकीच्या मापाने पाहिले, तर ती सभादेखील सान्निध्य गमावलेलीच म्हणावी लागेल. ध्वनिक्षेपक आल्यावर गळ्याचा आवाज दूरवर फेकण्याची गरज कमी झाली आणि आवाज लावण्याच्या रीतीही बदलल्या. आज मोठ्या महोत्सवाच्या मंडपात मागच्या रांगेत बसलेला श्रोता कर्ण्यातून आलेला आवाज ऐकतो आणि गायकाचा चेहरा बहुधा उभारलेल्या पडद्यावरच पाहतो. त्याचे मत प्रमाण मानायचे आणि घरी बसून तोच कार्यक्रम पाहणाऱ्याचे मत मुळातच बाद ठरवायचे, यात तर्कापेक्षा सवयीचा भाग अधिक आहे.

यंत्रातून ऐकलेले गाणे निर्जीव असते, या म्हणण्याला तर आपल्याच संगीतेतिहासात सबळ उत्तर आहे. मिरज ज्यांची कर्मभूमी झाली त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका बालवयात ऐकून भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. जेमतेम तीन मिनिटांची, खरखरणारी आणि गायकाचा चेहरा न दाखवणारी तबकडी इतके करू शकली. पुढे याच भीमसेनांनी खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे विद्या घेतली आणि गुरूच्या नावाने १९५३ पासून महोत्सव चालवला. मात्र या उदाहरणाचा दुसरा पैलूही लपवता येत नाही: तबकडीने ओढ लावली, तरी तालीम कुंदगोळला गुरूसमोर बसूनच घ्यावी लागली. यावरून यंत्राद्वारे होणारे श्रवण खरे असते, पण ते संपूर्ण नसते, इतका निष्कर्ष निघतो. आणि पुढचे सर्व विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

दुसरा आक्षेप बराचसा मान्य करावा लागतो, परंतु नेमकेपणाने. ज्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो मिरजेचा तानपुरा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी साधतात; जवारी म्हणजे एका तारेतून अनेक उपस्वर खुलवणारा तो भरीव झंकार. व्हिडिओ-संभाषणासाठी बनवलेल्या प्रणाली पंख्याची घरघर दूर करण्याकरिता एकसारखा चालणारा नाद गोंगाट समजून दाबतात, आणि त्या दडपणाखाली तानपुराही क्षीण होऊ शकतो. मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून खर्जाच्या तारेचा मूळ नाद किंवा बायाँची घुमारेदार मींड जवळजवळ उमटतच नाही. म्हणून असल्या साधनावर ऐकून आवाजाचा पोत, गोलाई, ध्वनीचा समतोल किंवा वाद्याचा गुंजारव यांवर निकाल देणाऱ्या समीक्षकावरचा आक्षेप रास्तच आहे.

तथापि एका गुणाचे परीक्षण अशक्य झाल्याने सर्व परीक्षण अशक्य ठरत नाही. रागाची शुद्धता, स्वरवाक्यांची बांधणी, विस्ताराचा क्रम, लयीची पकड, तिहाईचा हिशेब आणि बंदिशीच्या शब्दांचा उच्चार या गोष्टी चांगल्या ध्वनिमुद्रणातही पारखता येतात. ग्वाल्हेर परंपरेत स्थायी-अंतरा भरून गाण्याला, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग त्यांच्या ठरलेल्या वजनासह तालाच्या आवर्तनात नीट बसवण्याला, मोठे महत्त्व आहे. तो भरणा साधला की नाही, हे चांगल्या ध्वनिमुद्रणात दोनदा ऐकून अधिक खात्रीने सांगता येते.

तिसरा आक्षेप थेट समीक्षकाच्या शिस्तीशी निगडित आहे. विलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण मिनिट किंवा त्याहूनही अधिक चालू शकते, आणि सम येईपर्यंत साचत जाणारी अपेक्षा हाच त्या गायकीचा प्राण असतो. ते मध्येच थांबवून ऐकणारा समीक्षक गाणे न ऐकता त्याचे तुकडेच तपासतो, हे खरे. परंतु याचे उत्तर पहिले श्रवण अखंड करावे आणि पुनःश्रवण शंकानिरसनापुरते ठेवावे, या नियमात आहे; पुनःश्रवणाची सोय असणे हा काही दोष नव्हे.

आता मंडनाकडे वळता येईल. सान्निध्याचा आग्रह धरताना कोणाला सान्निध्य परवडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ग्वाल्हेर परंपरेचे गायक अनंत मनोहर ऊर्फ अंतुबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सातारा जिल्ह्यातील औंध या छोट्या संस्थानी गावी संगीत महोत्सव सुरू केला. त्यात मोठ्या शहराबाहेरच्या श्रोत्यापर्यंत गाणे नेण्याचे कार्य आपोआप साधले. त्याच जिल्ह्यात, पुणे-सातारा मार्गावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खंडाळ्यातील रसिकाला पुण्याच्या मैफलीला जायचे, तर उशिरा रात्री परतीची गाडी शोधावी लागते, आणि औंध किंवा मिरज गाठायचे, तर घाट ओलांडून पुढचा पल्ला मारावा लागतो. वृद्ध, लहान मुलांच्या माता, पाळीत काम करणारे कामगार यांना हे नेहमी शक्य नसते. पडद्यावरची मैफल त्यांना श्रोतेपण देते; आणि त्यांना जे ऐकू येते त्याचा जबाबदार विचार करणारी समीक्षा त्यांना मिळू नये, याला कोणतेही न्याय्य कारण नाही.

याहून महत्त्वाचा लाभ प्रमाणाचा आहे. संगीतसमीक्षक केशवराव भोळे यांनी आपल्या काळच्या गायकांवर लिहिले, तेव्हा ज्यांनी ती मैफल ऐकली नव्हती, त्या वाचकांना भोळ्यांच्या कानावर विसंबावे लागले. आज त्यांचे लेखन पडताळायचे, तर हाती बहुतांशी तीन-तीन मिनिटांच्या तबकड्याच उरतात. पडद्यावरची मैफल उपलब्ध राहिली, तर समीक्षकाने ज्या जागेला विसंवादी म्हटले, ती जागा वाचक स्वतः ऐकू शकतो. समीक्षकाचा अधिकार त्यामुळे घटत नाही. मात्र तो केवळ नावलौकिकावर न टिकता दाखवलेल्या पुराव्यावर टिकतो. ढोबळ विशेषणांची उधळण करणाऱ्या वृत्तान्ताला हे अडचणीचे वाटणे स्वाभाविक आहे.

या अधिकाराबरोबर काही कर्तव्येही येतात. कार्यक्रम थेट चालू असताना पाहिला की नंतर, संपादन केलेला की जसाच्या तसा, आणि कोणत्या साधनावर ऐकला, हे समीक्षेच्या आरंभीच सांगितले पाहिजे. दोन शहरांत बसून केलेल्या जुगलबंदीबाबत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. एका सभागृहात दहा मीटरवरचा आवाज सेकंदाच्या सुमारे तीन शतांशात पोहोचतो, तर इंटरनेटवरचा विलंब सहसा त्याहून जास्त असतो. त्यामुळे द्रुत लयीत तत्क्षणी साथ देणे दुष्कर होते आणि अशी सादरीकरणे अनेकदा स्वतंत्र मुद्रणे जोडून तयार केली जातात. त्यांतील उत्स्फूर्त संवादाची स्तुती करणारा समीक्षक न घडलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो. रिकाम्या सभागृहातील गाण्याचे मोजमाप भरल्या मंडपातील रंगाने करणेही तितकेच अन्याय्य आहे.

सारांश, पडद्यावरची मैफल प्रत्यक्ष मैफलीची जागा घेत नाही, आणि तिच्यावरची समीक्षाही प्रत्यक्ष श्रवणाचा दावा करू शकत नाही. आपण काय ऐकले आणि काय ऐकू शकलो नाही, यांतील सीमारेषा जी समीक्षा स्पष्ट आखते, ती पडद्यापुढे बसून लिहिलेली असली तरी ग्राह्य मानावी. जी ती आखत नाही, ती पहिल्या रांगेत बसून लिहिलेली असली तरी त्याच कसोटीवर नाकारावी.