‘पार्ट मिळत नाही’ म्हणणाऱ्यांना जाब विचारा!

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक नवेच शास्त्र रूढ झाले आहे. वस्तू बिघडली की तिच्यातील दोष शोधायचा नाही, तिचे वय विचारायचे. वय दहाच्या पुढे गेलेले निघाले की निकाल ठरलेला, ‘आता नवीनच घ्या!’ हा निकाल देतो कोण? तर ज्याला नवीन विकायचे आहे तोच! फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच पक्षाने वठवाव्यात आणि आपण मान डोलावून दंड भरावा, असा हा चमत्कारिक न्याय. दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘जुने द्या, नवे घ्या’च्या पानभर जाहिराती झळकू लागल्या की या न्यायालयाचे काम दिवसरात्र चालते. धडधाकट यंत्रे भंगाराच्या भावाने उचलली जातात आणि हप्त्यांची नवी साखळी घराच्या गळ्यात पडते.

हे सारे ‘विकास’ या नावाने खपवले जात असल्याने त्यास विरोध करणारा आपोआप मागासलेला ठरतो. म्हणूनच एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचे, दोन टबांच्या जुन्या वॉशिंग मशीनचे उदाहरण घेऊन या युक्तिवादाची परीक्षा करणे आवश्यक आहे.

कचारगडच्या पायथ्याशी

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकापासून जवळच, धनेगावच्या जंगलात कचारगडच्या प्रसिद्ध गुहा आहेत. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि तेलंगणातूनही भाविकांची रीघ लागते. यात्रा सरली की परिसर पुन्हा शांत होतो. या गावांतील माणसाला दुरुस्तीचे महत्त्व व्याख्यान देऊन पटवावे लागत नाही. दांडा मोडला म्हणून येथे कोणी कुऱ्हाड फेकत नाही. दांडा बदलला जातो, पाते लोहाराकडे जाते आणि तीच कुऱ्हाड पुढच्या पिढीच्या खांद्यावर चढते.

याच भागात आमच्या आतेभावाचे घर आहे. त्यांच्या पडवीत एक वॉशिंग मशीन कित्येक वर्षे धूळ खात पडले होते. पंचविशी ओलांडलेले, अर्धस्वयंचलित, एका बाजूला धुण्याचा टब आणि दुसऱ्या बाजूला ड्रायर. ते बंद पडले तेव्हा एका सेवा केंद्राने फोनवरच सांगून टाकले होते की, या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. यंत्र उघडून पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. त्या दिवसापासून टबात जुनी पोती साठू लागली आणि वहिनींच्या हाती पुन्हा धुण्याचा दगड आला. ‘पार्ट मिळत नाही’ या तीन शब्दांची किंमत कोण मोजतो, हे ज्यांना कळत नाही त्यांनी थंडीच्या दिवसांत पहाटेच्या गार पाण्यात चार माणसांचे कपडे एकदा धुऊन पाहावेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ते यंत्र उघडायचे ठरवले. तालुक्याच्या गावाहून एक मिस्त्री आले. मागचे झाकण काढून त्यांनी दहा मिनिटे आत नजर फिरवली आणि म्हणाले, “काही नाही झालं जी हिले. कंडेन्सर अन् बेल्ट बदलला का चालते.”

दोष किती, निदान किती

यंत्राची प्रत्यक्ष अवस्था काय होती? धुण्याच्या टबाखालचा रबरी पट्टा तडकून सैल झाला होता. त्यामुळे मोटर फिरे, पण तिची गती गिअर बॉक्सपर्यंत पोहोचत नसे. ड्रायरच्या मोटरचा कंडेन्सर निकामी झाल्याने ती नुसती घुमत राही. गिअर बॉक्सचे ऑइल सील झिजले होते. ड्रायरचे झाकण उघडताच टब थांबावा म्हणून असणारी ब्रेकची तार गंजून तुटली होती. उंदरांनी दोन वायरी कुरतडल्या होत्या. दोन्ही मोटरींच्या गुंडाळ्या मात्र शाबूत होत्या. टब अभंग होता. खालचा पत्रा गंजला होता, तो घासून त्यावर रंगाचे दोन हात दिले.

हे काम घरी करू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्लग काढला म्हणजे धोका संपला असे नव्हे. कंडेन्सर विजेचा भार काही काळ धरून ठेवतो. तो जाणकाराकडून उतरवून घ्यावा. नवा घेताना जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज जुळवूनच घ्यावा. काम संपल्यावर यंत्राचे अर्थिंग तपासल्याशिवाय त्यात पाणी भरू नये. तुटलेली ब्रेकची तार ‘चालेल तसेच’ म्हणून सोडून देणे हा तर हातापायांशी खेळ आहे.

दोन दिवसांत यंत्र सुरू झाले. सुटे भाग आणि मिस्त्रींची मजुरी मिळून झालेला खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. लागलेला प्रत्येक भाग बाजारात सहज मिळाला. मग ‘पार्ट येत नाहीत’ हे वाक्य कोणत्या आधारावर उच्चारले गेले होते?

मालक गेला, यंत्र राहिले

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच औद्योगिक इतिहासात सापडते. छत्रपती संभाजीनगरजवळील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना उभा राहिला आणि या मराठवाड्यातील नाममुद्रेची वॉशिंग मशीन देशभरातील लक्षावधी घरांत पोहोचली. पुढे कर्जाच्या डोंगराखाली ही कंपनी दबली आणि 2018 च्या जूनमध्ये स्टेट बँकेच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल झाली. कंपनी कोसळली म्हणून तिची यंत्रे त्याच दिवशी बंद पडली काय? मुळीच नाही. कारण त्या पिढीच्या दोन टबांच्या यंत्रांतील बेल्ट, कंडेन्सर, टायमर, सील हे भाग एका कंपनीच्या तिजोरीत कोंडलेले नव्हते. अनेक कंपन्यांच्या यंत्रांना थोड्याफार फरकाने तेच भाग चालत. छोटे उत्पादक ते बनवत, तालुक्याच्या दुकानात ते मिळत आणि साधा मिस्त्री ते बसवू शके. उत्पादक नाहीसा झाला तरी ग्राहक निराधार झाला नाही.

आज विकल्या जाणाऱ्या अनेक पूर्ण स्वयंचलित यंत्रांची स्थिती पाहा. यंत्राचा सारा मेंदू एका इलेक्ट्रॉनिक पट्टीत. ती त्या मॉडेलपुरतीच आणि कंपनीखेरीज कोणाकडे न मिळणारी. ग्रामीण भागातील विजेच्या चढ-उतारात ती जळाली की संपले. काही यंत्रांत तर बाहेरचा टबच असा सांधून बंद केलेला असतो की आतील एक बेअरिंग खराब झाले तरी संपूर्ण टब बदलावा लागतो. एका बेअरिंगसाठी आख्खा टब! अशा कंपनीवर उद्या व्हिडिओकॉनसारखी वेळ आली, तर तिच्या ग्राहकांनी जायचे कोठे?

ही चाल नवी नाही. 1924 मध्ये जगातील बड्या दिवे-उत्पादकांनी जिनिव्हा येथे ‘फिबस’ नावाचा गट स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य संगनमताने 1000 तासांवर आणून ठेवले. अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सदस्याला दंड होत असे! अधिक चांगली वस्तू बनवणे हा जेथे गुन्हा ठरतो, त्या अर्थविचाराला प्रगती म्हणायचे काय?

समित्या झाल्या, कायदा कोठे?

आपल्याकडे या विषयाची जाण नाही असे नाही. सुटे भाग स्वतंत्र दुरुस्तीकारांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 च्या ऑगस्टमध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, परंतु तत्त्व प्रस्थापित झाले. 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. घरगुती उपकरणे तिच्या कक्षेत होती. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. 2024 मध्ये वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुणांक देण्यासाठी आणखी एक समिती नेमली गेली आणि 2025 च्या मे महिन्यात तिने अहवाल सादर केला.

ही सारी पावले स्वागतार्ह आहेत. परंतु संकेतस्थळावर नाव नोंदवणे कंपनीच्या मर्जीवर सोडले, तर ज्याच्या मनात खोट आहे तो येईलच कशाला? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या हक्कांची यादी दिली आहे. तीत ‘दुरुस्ती’ हा शब्दच नाही. युरोपीय संघाने 2021 पासून वॉशिंग मशीनचे प्रमुख सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही 10 वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले. फ्रान्सने त्याच वर्षी वॉशिंग मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापायला लावला. ऑस्ट्रियाने 2022 मध्ये विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, 200 युरोंच्या मर्यादेत, सरकारी तिजोरीतून देण्याची योजना आणली. ज्या पाश्चात्त्यांकडून आपण फेकून देण्याची चैन शिकलो, ते शहाणे होऊन मागे वळत आहेत आणि आपण मात्र त्यांनी टाकलेली पादत्राणे घालून धावत सुटलो आहोत!

आक्षेप आणि उत्तरे

नवे यंत्र पाणी आणि वीज वाचवते, असा एक आक्षेप घेतला जातो. समोरून कपडे टाकायची यंत्रे कमी पाणी घेतात, हे खरे. परंतु दोन टबांच्या यंत्रात आपल्या गृहिणी एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी धुतात. उरलेल्या पाण्याने अंगण-मोरी स्वच्छ होते. ही काटकसर कोणत्या पत्रकात मोजली जाते? पाणी तापवून कपडे धुणाऱ्या यंत्रापेक्षा गार पाण्यावर चालणारे हे साधे यंत्र विजेच्या बाबतीतही उधळे नव्हे. शिवाय नवे यंत्र घडवताना लागलेले लोखंड, तांबे, प्लास्टिक आणि वीज यांचा हिशेब कोणी मांडायचा?

दुसरा आक्षेप असा की, नवी खरेदी झाली नाही तर रोजगार कसा वाढेल? रोजगार कोणाचा, हे आधी सांगा. दुरुस्तीला दिलेल्या रुपयाचा मोठा वाटा सालेकसा-आमगावच्या मिस्त्रीच्या घरात आणि तेथल्या दुकानात राहतो. नव्या यंत्राला दिलेल्या रुपयातील किती पैसे तालुक्यात उरतात, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा. आपण स्वदेशीचा आग्रह धरतो तो बहुधा खरेदीच्या क्षणापुरता. वस्तूवरील शिक्का पाहिला की आपले कर्तव्य संपते. परंतु घरात आलेली वस्तू उघडण्याची, समजून घेण्याची आणि आपल्याच गावच्या हाताने दुरुस्त करण्याची मुभा नसेल, तर स्वदेशी शिक्क्याची वस्तूसुद्धा आपली गुलामीच वाढवते. पैसे मोजूनही जिच्या स्क्रूला हात लावता येत नाही, ती वस्तू आपल्या मालकीची म्हणायची कशी?

आता काय करावे?

सरकारकडे मागणी स्पष्ट असावी. घरगुती उपकरणांचे सुटे भाग विक्री थांबल्यानंतर किमान 10 वर्षे उपलब्ध ठेवण्याची सक्ती करावी. दुरुस्तीची पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत खुली करावी. दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक किमतीशेजारी छापायला लावावा. आणि नव्या वॉशिंग मशीनइतकाच 18 टक्के वस्तू व सेवा कर दुरुस्तीच्या बिलावर लावण्याचे धोरण बदलावे. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि बारा वर्षांनी, 1986 मध्ये, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्या चळवळीचा वारसा सांगणाऱ्यांनी दुरुस्तीचा हक्क आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर अग्रभागी घेतला पाहिजे.

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ईशावास्याने त्यागपूर्वक भोगाचा मार्ग सांगितला, असे आपण मुलांना शिकवतो आणि दिवाळीच्या जाहिराती पाहताना ते सोयीस्करपणे विसरतो. वाचकहो, यंदा नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्याचे मागचे झाकण एकदा जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. ‘पार्ट मिळत नाही’ असे कोणी सांगितले तर कोणता पार्ट, त्याचा क्रमांक काय आणि तो का मिळत नाही, हे लेखी मागा. घरातील मुलांना मिस्त्रीशेजारी बसवा. पान्हा कसा धरतात ते त्यांना पाहू द्या. आपल्या नगरातील, तालुक्यातील दोन कुशल दुरुस्तीकारांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेले असावेत. हे हात आज कामाविना राहिले आणि हा धंदा सोडून गेले, तर उद्या कायदा झाला तरी सुटा भाग बसवायला माणूस उरणार नाही!